‘पाळी आली की सांगू’ म्हणाल तर दोन वर्षं उशीर झालेला असतो

शाळांमध्ये सातवी-आठवीच्या मुलामुलींशी वयात येण्याबद्दल बोलायला मी जाते, आणि सेशन संपलं की पालकांपैकी कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, मॅडम हे सगळं घरी नक्की कधी सांगायचं हो? मी विचारते मुलगी केवढी, तर उत्तर येतं, बारा पूर्ण झाली, पाळी आली की सांगणारच आहे. मुलाचं विचारलं तर, त्याला काय सांगायचं, अजून मिसरूड पण नाही फुटलं.

गडबड इथेच आहे. पाळी ही सुरुवात नाहीये, शरीराचं काम त्याच्या आधी दोन-अडीच वर्षं चालू झालेलं असतं. मिसरूडही तसंच, ते तर अगदी शेवटाकडे येतं. बहुतेक घरांत सांगतात चुकीचं असं नाही, उशिरा सांगतात आणि उलट्या क्रमाने सांगतात. म्हणून इथे क्रम धरूनच लिहितेय, कोणता बदल कधी आणि त्याच्या आधी तुमच्या हातात काय असायला हवं. मुलगा असो की मुलगी, दोन्ही भाग वाचा, कारण मुलीलाही भावाचा आवाज का फाटतोय ते कळायला हवं आणि मुलाला पॅड म्हणजे काय ते.

पायरी १ : आधी क्रम डोक्यात बसवा

मुलींचं असं असतं. ८ ते १३ या वयात कधीतरी स्तनाग्राच्या मागे हरभऱ्याएवढी किंवा छोट्या सुपारीएवढी गाठ हाताला लागते, धक्का लागला की दुखते. ही खरी सुरुवात. मग जांघेत केस, पुढे काखेत (काही मुलींना केस आधी येतात आणि गाठ नंतर, तेही चालतं). मग उंची एकदम सुटते, कंबर रुंद होते, मांड्या भरतात. मग चड्डीवर पांढरट डाग दिसायला लागतात. आणि मग पाळी, म्हणजे पहिली गाठ लागल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी.

मुलांचं ९ ते १४ मध्ये सुरू होतं आणि सुरुवात कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण पहिल्यांदा वाढतात ते वृषण, बाहेरची पिशवी सैल आणि थोडी काळसर होते. मग जांघेत केस, मग लिंगाची वाढ, मग कधीतरी रात्री झोपेत वीर्य बाहेर येणं, आवाज घोगरा होणं, उंचीची मोठी उडी, काखेत केस आणि मग मिसरूड. दाढी तर त्याच्याही नंतर. उंचीची उडी मुलींपेक्षा साधारण दोन वर्षं मागे असते, म्हणून सहावी-सातवीचा ग्रुप फोटो काढून बघा, मागच्या रांगेत उंच मुली आणि पुढे बाकावर चिंगळी मुलं. दहावीच्या फोटोत उलटं.

वयाचा आकडा एकच धरून बसू नका. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोघींच्या वाढीत तीन-चार वर्षांचा फरक असू शकतो आणि दोघीही नॉर्मल असतात.

इथे एक करून ठेवा: आईला पहिली पाळी कितव्या वर्षी आली होती आणि बाबांची उंची कितवीत वाढली होती हे आठवून लिहून ठेवा. मुलं बऱ्याचदा त्याच वळणावर जातात, आणि पुढे डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात तेव्हा दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

पायरी २ : तयारी, म्हणजे शब्द आणि सामान

आधी शब्द. लिंग, वृषण, योनी, स्तन, पाळी, वीर्य. हे सहा शब्द नवरा-बायकोने स्वयंपाकघरात उभं राहून दोन-चारदा मोठ्याने म्हणून बघा, चेष्टा नाही करत. पहिल्या सेशनला ‘वृषण’ म्हणताना माझाच आवाज चिरकला होता, सगळी सातवी फिदीफिदी हसली, मग मीही हसले, आणि त्यानंतर कधी अडलं नाही. ‘तिथे’, ‘खाली’, ‘शूची जागा’ या शब्दांवर काम भागवलं की दोन गोष्टी होतात. एक, दुखलं तर नक्की कुठे ते पोराला सांगता येत नाही. दुसरं जास्त वाईट, कुणी नको तिथे हात लावला तर ते सांगायला त्याच्याकडे शब्दच नसतो. ही गोष्ट पहिल्याच बोलण्यात सांगून टाका, की तुझ्या अंगाला तुला नकोसं वाटेल असा हात कुणीच लावायचा नाही, घरातला असला तरी, आणि असं झालं तर तुला कुणी ओरडणार नाही. चाइल्डलाइनचा १०९८ नंबरही पाठ करून घ्या, तो फुकट लागतो.

आता सामान. मुलीसाठी एक छोटा पाऊच: दोन पॅड, एक चड्डी, वर्तमानपत्राचे दोन-तीन तुकडे, एक कागदी पिशवी. तो दप्तराच्या आतल्या कप्प्यात, कपाटात नाही. कॉटनच्या दोन-तीन स्लिप. मुलासाठी दोन जास्तीच्या चड्ड्या, आणि चादर कुठे असते, मशीन कसं लावायचं, साबणाचं पाणी कसं करायचं हे शिकवून ठेवा, कारण पहाटे उठून त्याला स्वतः चादर बदलता आली तर त्याचा निम्मा ताण तिथेच संपतो. दोघांसाठी दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण, दर तीन महिन्यांनी, शेजारी तारीख.

पाऊच कधी भरायचा? बहुतेकजण बाराव्या वाढदिवसानंतर भरतात. तसं नाही. गाठ लागली की सामान आणा, आणि चड्डीवर पांढरट डाग दिसायला लागले की पाऊच दप्तरात गेलाच पाहिजे, कारण तिथून पाळी काही महिन्यांवरच असते.

पायरी ३ : पहिलं बोलणं, आठ ते दहा वर्षांत

समोर बसवून ‘आज मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय’ असं अजिबात करू नका, पोराला वाटतं मार्कांवरून बोलणी बसणार. मटार सोलताना, गाडीवर मागे बसलेलं असताना, कपड्यांच्या घड्या घालताना बोला, जिथे डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. दहा मिनिटं पुरे, एकदाच सगळं सांगून मोकळं व्हायचं नसतं, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा.

काय सांगायचं तेही अवघड नाही. ‘आता एक-दोन वर्षांत तुझ्या छातीला गाठीसारखं काहीतरी लागेल, दुखेल थोडं, ते चांगलंच आहे, घाबरू नको, मला सांग.’ मुलाला, ‘तुझी खालची पिशवी मोठी होईल, केस येतील, घामाचा वास बदलेल.’ बस. प्रश्न आला तर उत्तर द्या, माहीत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा आणि खरंच सांगा.

आमच्या ओळखीतल्या एका घरात हे सांगायचं राहिलं. मुलगी नऊ वर्षांची, डाव्या बाजूला गाठ, उजवीकडे काहीच नाही. आईचं धाबं दणाणलं, फोनवर बहिणीला सांगतेय, अगं एकाच बाजूला गाठ आहे, सोनोग्राफी करून घेऊ का. पोरगी दाराआड ऐकतेय. त्याच घरात आजी स्तनाच्या कॅन्सरने गेलेली. ती पोर दोन रात्री झोपली नाही आणि कुणाला बोललीही नाही. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं की वयात येतेय, दुसरी बाजू येईल मागून. आली तीन महिन्यांनी.

सावध: ही गाठ सारखी दाबून बघू नका, शेकू नका, तेल लावून चोळू नका. एक बाजू आधी, दुसरी पाच-सहा महिन्यांनी, हे नेहमीचं आहे. तिथे लालसर होऊन गरम लागलं, पू आला किंवा ताप आला तरच लगेच दाखवायचं.

स्लिपवरून ब्रावर कधी जायचं हे मुलीला विचारा. पळताना दुखतंय म्हणाली की वेळ झाली. टेपने छातीखालून माप घ्या आणि सहा महिन्यांनी परत घ्या, कारण लहान पडलेली तशीच घालून खांद्यावर वळ उठलेल्या मुली मी कितीतरी बघते. घट्ट बांधली म्हणून वाढ थांबत नाही, आणि नाही घातली म्हणून काही बिघडत नाही.

आणखी एक, घरात बाई नसेल तर बाबांनीच बोलायचं. ऊसतोडणीला गेलेल्या आईवडिलांची मुलं आजी-आजोबांकडे असतात, तिथे आजोबाही बोलू शकतात, आकाश कोसळत नाही. ‘आत्या आली की सांगेल’ म्हणून ठेवलं की आत्या दिवाळीला येते आणि पाळी श्रावणात.

पायरी ४ : पाळी, आधीची तालीम आणि पहिलं वर्ष

तालीम म्हणजे खरी तालीम. पॅड हातात द्या, फोडू द्या, चड्डीला चिकटवून दाखवा. चिकट बाजू चड्डीला, मऊ बाजू अंगाला, पंख असतील तर ते चड्डीच्या खालून वळवायचे. हसू नका, उलटं लावून चिकट बाजू अंगाला लागून रडलेली मुलगी मला भेटलीये, कारण तिला कुणी दाखवलंच नव्हतं, नुसतं पाकीट हातात दिलं होतं.

मग तुमच्या सिंकमध्ये त्याच पॅडवर अर्धा पेला पाणी ओता, कसं शोषलं जातं ते बघू दे. आणि रंग सांगा. हा मुद्दा नव्वद टक्के आया विसरतात असं माझं मत झालंय. जाहिरातीत वर्षानुवर्षं निळं पाणी दाखवलं, आणि आपण सांगतो ‘रक्त येतं’, म्हणजे पोरीच्या डोक्यात गुडघा फुटल्यावर येतं तसं लालभडक. पहिल्या पाळीत बऱ्याचदा येतात ते चॉकलेटी-काळपट डाग. तिला वाटतं शी झाली, ती लाजून चड्डी लपवते, गादीखाली वगैरे, आणि आपल्याला चार दिवसांनी सापडते.

आकडेही सांगून ठेवा. पाळी २ ते ७ दिवस चालते. सगळं मिळून रक्त जातं साधारण ३० ते ८० मिली, म्हणजे चहाच्या कपातही मावेल, दिसतं मात्र जास्त. पॅड दर ४ ते ६ तासांनी बदलायचा, भरला नसला तरी. शाळेत मधल्या सुट्टीत बदलायचा असं ठरवूनच द्या, नाहीतर सकाळी सातला लावलेला दुपारी दोनला काढतात, मग जांघा सोलतात, खाज येते.

वापरलेला पॅड गुंडाळून कागदात, कोरड्या कचऱ्यापेक्षा वेगळा. फ्लशमध्ये नाही, एकदा सोसायटीची लाइन तुंबली की कळतं. कपडा वापरत असाल तर तोही चालतो, फक्त आधी गार पाण्यात भिजवायचा (गरम पाण्याने डाग पक्का होतो), मग साबण, आणि वाळवायचा उन्हात. परकराखाली लपवून वाळवलेला कपडा ओलसर राहतो आणि त्याच्याने इन्फेक्शन होतं. कपबिप (पॅडऐवजी योनीत बसवायचा मेन्स्ट्रुअल कप) पुढे तिला हवा तेव्हा, पहिल्या पाळीला त्याचा आग्रह नको.

पहिला दिवस आला की काय करायचं? अंघोळ, स्वच्छ कपडे, पॅड, आवडीचं जेवण, पोटात दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी. शाळेत जाऊ दे, खेळू दे, केस धुऊ दे. पाळीत अंघोळ नको, आंबट नको, लोणच्याला हात नको, यातल्या कशालाही शरीराच्या बाजूने काही आधार नाही. घरच्या देवाधर्माचं काय ते तुमचं तुम्ही बघा, पण तिला जमिनीवर चटईवर वेगळं झोपवू नका, आधीच कंबर दुखत असते. आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ‘आमची शहाणी झाली बरं का’ म्हणून तिच्यासमोर सांगू नका. काही घरांत अजून न्हाणाचा कार्यक्रम करतात, करायचाच असेल तर आधी तिला विचारा, तिला नको असेल तर नको.

तपासा, पहिल्या वर्षात: कॅलेंडरवर पाळी आल्याच्या दिवशी बारीकसा टिंब. पहिली एक-दोन वर्षं तारखा मागेपुढे होतातच, २१ ते ४५ दिवसांच्या मधलं अंतर या वयात चालतं. ‘पहिली आली आणि दुसरी दीड महिन्याने’ याला उपचार लागत नाही. पण तीन महिने आलीच नाही, किंवा ७ दिवसांच्या वर चालली, किंवा तासा-दोन तासाला पॅड भरतोय, रक्ताच्या मोठ्या गाठी पडतायत, तर डॉक्टर. दर महिन्याला शाळा बुडेल एवढं दुखत असेल तरीही डॉक्टर, ‘बाईच्या जातीला सहन करावंच लागतं’ हे औषध नाही.

सावध: गौरी-गणपती आले, घरात सत्यनारायण आहे, म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून तेरा वर्षांच्या पोरीला द्यायच्या, हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की कुणाला त्यात काही वाटतही नाही. त्या हार्मोनच्या गोळ्या आहेत. जिचं चक्र अजून बसतंय तिला डॉक्टरांना न विचारता त्या देऊ नका.

पायरी ५ : मुलगा, ज्याला कुणी काहीच सांगत नाही

सेशनमध्ये मी एक डबा ठेवते, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. एकदा वहीच्या कोपऱ्याचा फाडलेला तुकडा निघाला, बोटाच्या पेराएवढा, दोनदा घडी घातलेला. ‘मला छाती येत आहे. मी मुलगी होणार का. कृपया वर्गात वाचू नका.’ मी मुलाबद्दल न बोलता सगळ्यांनाच सांगितलं की वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांच्या स्तनाग्रामागे अशी गाठ येते, एका बाजूला किंवा दोन्ही, हार्मोनचा तोल सावरेपर्यंत राहते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्ठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. कोण ते मी बघितलं नाही.

तर मुलाला सांगायच्या गोष्टी, याच क्रमाने. वृषण एक थोडं खाली, एक थोडं वर असतं, ते तसंच असतं. पण पिशवीत एकच लागतंय, दुसरं नाहीच, असं असेल तर या वयात थांबायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. अंघोळीच्या वेळी लिंगाची पुढची कातडी सहज मागे जाते तेवढीच मागे घेऊन साध्या पाण्याने धुवायचं, पांढरट मळ साठतो तो निघून जातो, आणि कातडी परत पुढे आणायची. जबरदस्ती करायची नाही. मागे गेलेली कातडी पुढे येईनाशी झाली आणि सूज यायला लागली तर ताबडतोब दवाखाना.

मग येते ती रात्रीची गोष्ट. १२ ते १५ मध्ये कधीतरी सकाळी चड्डी ओली-चिकट सापडते. आपल्याकडे याला नावच ‘स्वप्नदोष’ दिलंय, म्हणजे बिचाऱ्याच्या माथी आधीच दोष. तो शब्द घरात वापरू नका, ‘झोपेत वीर्य बाहेर आलं’ एवढंच म्हणा. हे आधी सांगितलेलं नसेल तर मुलगा काय करतो? एसटी स्टँडच्या भिंतीवरची, रेल्वेच्या डब्यातली पत्रकं वाचतो, गुप्तरोग, धातुदुर्बलता, शर्तिया इलाज. किंवा मोबाइलवर शोधतो, ते तर अजून भयंकर. रक्ताचे अमुक थेंब मिळून वीर्याचा एक थेंब होतो, ही थापही त्याला तिथेच मिळते. वीर्य शरीर बनवतच राहतं, ते गेल्याने अशक्तपणा येत नाही, उंची खुंटत नाही, डोळ्यांखाली काळं होत नाही. हस्तमैथुनानेही यातलं काही होत नाही. वर्गात विनाकारण लिंग ताठ होणं हेही या वयात होतं, त्याचा त्याच्या मनातल्या विचारांशी संबंध असेलच असं नाही, दप्तर मांडीवर घेऊन दोन मिनिटं बसलं की झालं. हे बाबांनी सांगितलं तर फार बरं, बाबा लाजत असतील तर मामा, काका, कुणीही ज्याच्यावर तुमचा आणि पोराचा दोघांचा विश्वास आहे.

आवाजाचं म्हणाल तर स्वरयंत्र मोठं होतं, काही महिने आवाज मध्येच चिरकतो. नक्कल करू नका. गाणं शिकत असेल तर गुरूंना सांगा, या काळात ताणून वरच्या पट्टीत गायला लावू नये.

सावध, हे तर चौकटीत लिहून फ्रिजवर लावा: अचानक, एका बाजूच्या वृषणात जोरात कळ, सूज, बरोबर मळमळ किंवा उलटी. वृषण स्वतःभोवती पिळलं जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, १२ ते १८ या वयात हे जास्त होतं, आणि सहा तासांच्या आत सोडवलं नाही तर वृषण गमवावं लागू शकतं. बाम, शेक, ‘सकाळी बघू’ काही नाही, रात्री दोन वाजता असलं तरी जिथे ऑपरेशन होतं त्या हॉस्पिटलला. आणि लक्षात ठेवा, लाजरा मुलगा ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो. तेरा-चौदाचा मुलगा ओटीपोट धरून वळवळत असेल तर सरळ विचारा, खाली दुखतंय का?

पायरी ६ : घाम, पिंपल, केस

हे दोघांनाही आणि याबद्दल फार लिहायची गरज नाही. खेळून आल्यावर दुसरी अंघोळ, काखेत साबण, बनियन आणि मोजे रोज बदलायचे, सिंथेटिकपेक्षा कॉटन. डिओने वास झाकतो, जात नाही.

पिंपलसाठी दिवसातून दोनदा साध्या साबणाने किंवा फेसवॉशने तोंड, बस. टूथपेस्ट, लिंबू, बेकिंग सोडा लावायचा नाही, फोडायचं नाही. डोक्याला चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरतं आणि कपाळभर बारीक फोड येतात, तेल लावायचं असेल तर केसांना लावा, कपाळाला नको. आणि घरात पडलेली स्टेरॉइडची ट्यूब गोरं व्हायला किंवा पिंपलला अजिबात लावू नका, त्याने चेहरा कायमचा लाल-पातळ झालेली मुलं त्वचेच्या डॉक्टरकडे रांगेत असतात. मोठे दुखरे, खड्डे पडणारे पिंपल असतील तर त्या रांगेत तुम्हीही वेळेवर उभे राहा.

जांघेतले केस काढायलाच हवेत असं काही नाही, लांब झाले तर कात्रीने कमी करावेत. बाबांचं ब्लेड मुलाने वापरू नये, त्याचं त्याला वेगळं द्या.

पायरी ७ : उंची, वजन, जेवण

पहिले वाढतात पाय. जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट दिवाळीच्या आत टोचायला लागले की समजायचं उडी जवळ आली. उडीच्या वर्षात मुली साधारण ८ सेंटीमीटर आणि मुलं ९-१० सेंटीमीटर वाढतात, हातपाय आधी लांब होतात, धड मागून येतं, म्हणून पोरं काही काळ तांब्या-भांडी पाडत फिरतात. वेंधळं म्हणू नका.

इथली सगळ्यात महाग चूक अशी. मुलीची पाळी सुरू होते, आणि मग घरच्यांना उंचीची आठवण होते, डबेच्या डबे पावडर आणतात, लटकायला लावतात. पाळी येईपर्यंत मोठी उडी होऊन गेलेली असते, त्यानंतर साधारण ५ ते ७ सेंटीमीटर उरतात. जेवणाकडे बघायचं ते गाठ लागली तेव्हापासून. रोज डाळ-उसळ, अंडं चालत असेल तर अंडं, दूध-दही, पालेभाजी, शेंगदाणे, नाचणीची भाकरी, आणि आठ-नऊ तास झोप. पावडरीशिवाय होतं हे.

मुलीच्या मांड्या-कंबर भरणं ही चरबी शरीराला हवी असते. ‘सुटलीयेस गं’ असं मावशीने एकदा म्हटलं की पोरगी रात्रीचं जेवण बंद करते, मग चक्कर, मग पाळी बंद. कंबरेवर, मांडीवर, मुलांच्या पाठीवर आडव्या रेघा उमटतात, त्या वेगाने वाढल्याच्या खुणा, हळूहळू फिक्या होतात.

लोहाच्या गोळ्यांबद्दल: शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिड असतं. पोरं ती खिडकीतून फेकतात, कारण रिकाम्या पोटी घेऊन एकदा उलटी झालेली असते. जेवणानंतर घ्यायची, पाण्याबरोबर, नंतर तासभर चहा नाही (चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबाने लागतं). शी काळी होते, तेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यावरूनही घाबरतात.

पायरी ८ : डॉक्टरांकडे जायला कधी थांबायचं नाही

मुलीला ८ वर्षांच्या आधी छातीची गाठ, मुलाला ९ च्या आधी बदल दिसले तर लवकर आहे, बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते उंचीचा आलेख बघतात, मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय काढतात, गरज वाटली तर रक्त तपासतात. ‘चिकन बंद करू का, दूध बंद करू का’ हा प्रयोग घरी करत बसू नका, वजन मात्र बघा, जास्त वजनाच्या मुली लवकर वयात येतात असं दिसतं.

दुसऱ्या टोकाला, मुलीला १३ पूर्ण होऊनही छातीची वाढ नाही, १५ पर्यंत पाळी नाही, किंवा गाठ येऊन तीन वर्षं झाली तरी पाळी नाही. मुलाला १४ पूर्ण होऊनही वृषण वाढलेले नाहीत. बऱ्याचदा घराण्यातच उशिरा वाढ असते आणि काही करावं लागत नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारच्या काकूंनी नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एचपीव्ही लसही याच फेरीत विचारून घ्या, ९ ते १४ मध्ये सुरू केली तर कमी डोस लागतात, किती आणि किती अंतराने ते डॉक्टर सांगतील. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे पैसे लागत नाहीत.

जाताना दाराच्या चौकटीवरच्या खुणा तारखांसकट वहीत उतरवून न्या, पाळीच्या टिंबांचं कॅलेंडर न्या, आईबाबांची ती दोन वयं न्या. आणि डॉक्टरांनी प्रश्न पोराला विचारला तर उत्तर तुम्ही देऊ नका, पाणी प्यायचं निमित्त करून पाच मिनिटं बाहेर जाऊन बसा.